पाणी मुरतंय

मंगळवारी आम्ही पाच जण जमतो
अ‍ॅथॉलच्या मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये.
मेंढ्या केव्हाच विकल्या, वास राहिलाय.
लोकरीचं तेल खांबांत इतकं जिरलंय
की टेकलं तर शर्टाची पाठ चकाकते.

टास्मानियात मार्च म्हणजे थंडीची पहिली खबर
आणि हॉप्स उतरवायचे दिवस.
नेरिडानं उशीच्या अभ्र्यात भरून आणलेत,
तिच्या न्हाणीमागे टीव्हीच्या मोडक्या अँटेनावर
जो वेल चढलाय त्याचे.
जात कुठली, तिला माहीत नाही.
तिनं मुळी कुठून उपटून आणली, तेही ती सांगत नाही.
पोपटी, कागदी बोंडं. चुरडली की नखांत पिवळी पूड
आणि शेडभर संत्र्याची साल, ओलं गवत,
आणि टिबोर शपथेवर सांगतो, मांजर.
"मांजर नाही, पेरू," नेरिडा म्हणते.
"मांजर," टिबोर म्हणतो. "बोका."

ब्रायोनी वयानं लहान, तिला कशाचं भय नाही.
डोंगरी मिरी घालून झाली, भाजलेलं बाभूळबी घालून झालं,
गेल्या हिवाळ्यात कालवं घातली, शिंपल्यांसकट,
आणि आम्ही ती बिअर प्यायलोसुद्धा,
मान खाली घालून, लग्नातलं भाषण ऐकावं तसे.
आज ती विचारते, समुद्रशेवाळ कुणी वापरलंय?
कुणीच उत्तर देत नाही.

कारण आजचा विषय पाणी आहे.

अ‍ॅथॉलचं पाणी बोअरचं.
किटलीत पांढरा थर धरणारं, साबणाला दाद न देणारं.
तो म्हणतो, दगडातून आलेल्या पाण्याला कणा असतो.
टिबोरचं पाणी छपराचं,
पत्र्यावरून टाकीत, टाकीत निलगिरीची पानं आणि एक बेडूक,
ज्याला तो वडिलांच्या नावानं हाक मारतो.
तो म्हणतो, पाणी कोरं हवं, काय लिहायचं ते मी ठरवीन.
मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर
चिमूट चिमूट जिप्सम तोलतो, श्वास रोखून.
पंधरा वर्षं दोघांनी एकमेकांना
पाण्यात पाहिलं. शब्दशः.

म्हणून ब्रायोनीनं पैज लावली:
एकच बार्ली, एकच यीस्ट, नेरिडाचे मागच्या सालचे हॉप्स,
फक्त पाणी दोन घरचं.
दोन जग, खूण तळाला खडूनं.
दोन्ही घरून पाणी तिच्याकडे पोचवायचं काम माझं,
कारण माझ्याकडे ट्रक, आणि मी कुणाच्या बाजूचा नाही.

अ‍ॅथॉल पहिला घोट घेतो, दुसरा घेतो,
डाव्या जगवर बोट ठेवतो: "हे माझं. दगड लागतोय."
टिबोर डोळे मिटून चाखतो.
तोही डावाच उचलतो: "काय बोलतोस! हे माझं छप्पर."
ब्रायोनी जग उलटा करून बघते,
खडूचं अक्षर अ‍ॅथॉलचं.
टिबोर गप्प. इतका गप्प मी त्याला
बायकोच्या दफनातही पाहिला नव्हता.
अ‍ॅथॉल हसतो, पण अर्धवट.
जिंकल्यासारखं त्याला का वाटत नाही, त्यालाच कळेना.

मला कळतं.
नदीच्या वळणावर वॉलाबी आडवी आली,
मी ब्रेक दाबला, अ‍ॅथॉलचा कॅन कलंडला,
निम्मं पाणी ट्रकच्या तळातून डांबरावर.
परत जायला पाऊण तास लागला असता.
टिबोरचं घर वळणापलीकडेच होतं. तो घरी नव्हता.
टाकीचा नळ उघडा. बेडूक बघत होता.

सांगावं का?
मी पेले विसळायला घेतो. अ‍ॅथॉलच्या नळाचं पाणी
काचेवर पांढरे ठिपके ठेवून सुकतं.
टिबोर शेजारी येऊन फडक्यानं पुसू लागतो,
मग हळूच म्हणतो, "त्याच्या दगडात काहीतरी आहे.
एक कॅन आणशील माझ्यासाठी?"

नेरिडा रिकामा अभ्रा झटकते.
आज रात्री तो न धुता उशीला घालणार,
झोप छान लागते म्हणे.
"मांजराच्या वासानं?" टिबोर विचारतो.

परतताना मागे मोकळा कॅन
वळणावर घरंगळतो, ट्रकच्या कडेला आपटतो,
पुढच्या वळणावर पुन्हा.